समुद्रावर लिहिलेली हुंडी

जुन्या व्यापारात हुंडीला मान होता तो दोन कारणांनी. हुंडी लिहिणाऱ्याची पत बाजाराला ठाऊक असे आणि ज्या पेढीवर ती लिहिली जाई त्या पेढीवर ती वटेल याची खात्री असे. या दोहोंपैकी एकही गोष्ट नसताना जो हुंडी लिहितो, त्याला आपल्या भाषेत वेगळे नाव आहे. गेल्या काही वर्षांत जगाच्या बाजारात एक नवी हुंडी हिंडू लागली आहे आणि ती समुद्रावर लिहिलेली आहे. तिचा मजकूर साधारण असा: ‘आम्ही समुद्रात अमुक पदार्थ टाकला आहे. त्यामुळे समुद्र हवेतील इतके टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेईल. तेवढ्या टनांचे पैसे आम्हांला द्या आणि तेवढा धूर सोडल्याचा दोष आपल्या माथ्यावरून उतरला असे समजा.’ या हुंडीला कार्बन क्रेडिट असे म्हणतात. नामांकित कंपन्या ती विकत घेतात आणि आपल्या वार्षिक अहवालांत अभिमानाने मिरवतात. ही हुंडी वटणार आहे काय, आणि न वटल्यास बुडणार कोण, हे प्रश्न विचारल्यावाचून स्वस्थ बसणे योग्य नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

समुद्राचे आपल्यावर आधीच केवढे ऋण आहे ते प्रथम पाहू. कोळसा, तेल व वायू जाळून मानवजात दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. आपण सोडलेल्या या वायूपैकी सुमारे एक चतुर्थांश समुद्र मुकाट्याने पोटात घेतो. त्याने हे काम केले नसते, तर आज जाणवणारा उष्मा याहून कितीतरी अधिक असता. पण हे काम तो फुकट करीत नाही. पाण्यात विरघळलेल्या या वायूचे आम्ल बनते. समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सामू ८.२ वरून सुमारे ८.१ वर आला आहे. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु त्या मोजमापाची रीतच अशी आहे की, एवढ्या फरकाचा अर्थ आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली असा होतो. कालवे, शिंपले आणि प्रवाळ यांना आपले कवच बांधणे त्यामुळे अवघड होत चालले आहे. ज्याने आपला भार वाहिला त्याची पाठ आधीच सोलवटली आहे.

आता याच समुद्राकडून अधिक काम करून घ्यावे, असे सुचवले जात आहे. त्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, समुद्रात लोह टाकून सूक्ष्म वनस्पतींची वाढ घडवून आणणे. या वनस्पती वायू शोषतात आणि मेल्यावर त्यांतील काही तळाशी बुडतात. दुसरा, चुन्यासारखे अल्कधर्मी पदार्थ पाण्यात मिसळून त्याची वायू धरून ठेवण्याची शक्ती वाढवणे. तिसरा, समुद्रशैवाल किंवा लाकडाचा चुरा खोल पाण्यात बुडवून त्यांतील कार्बन तळाशी गाडणे. तिन्ही कल्पनांच्या मागे खरे विज्ञान आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. समुद्रात विरघळलेला कार्बन वातावरणातील कार्बनच्या सुमारे ५० पट आहे. एवढ्या मोठ्या कोठाराकडे शास्त्रज्ञांची दृष्टी वळावी यात नवल नाही. माझा वाद विज्ञानाशी नाही. माझा वाद आहे तो विज्ञानाने ‘कदाचित’ म्हटलेले असताना त्याचे ‘निश्चित’ करून विकणाऱ्या व्यापाराशी.

हा भेद किती मोलाचा आहे, हे एका प्रयोगावरून स्पष्ट होते आणि त्या प्रयोगाशी आपला जवळचा संबंध आहे. दक्षिण महासागरात नायट्रेट व फॉस्फेट ही पोषकद्रव्ये मुबलक असूनही सूक्ष्म वनस्पती फारशा वाढत नाहीत. त्यांना लोह कमी पडते. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा विचार हिरिरीने मांडला. अर्धे जहाजभर लोह मिळाले तर मी हिमयुग आणून दाखवतो, अशा आशयाचे त्यांचे विनोदाने काढलेले उद्‌गार पुढे फार गाजले. १९९३ ते २००९ या काळात जगभरच्या शास्त्रज्ञांनी समुद्रात लोह टाकून पाहण्याचे १३ प्रयोग केले. त्यांतील २००९ च्या प्रयोगाचे नाव होते ‘लोहाफेक्स’. नावातील ‘लोहा’ हा आपलाच शब्द. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी तो मिळून केला. भारताकडून डॉ. वजीह नक्वी आणि जर्मनीकडून डॉ. विक्टर स्मेटाचेक यांनी त्याचे नेतृत्व केले.

‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधनजहाज ७ जानेवारी २००९ रोजी केप टाउनहून निघाले. दक्षिण अटलांटिकमधील एका मोठ्या भोवऱ्याच्या मध्यभागी सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात ६ टन विरघळलेले लोह सोडण्यात आले आणि पुढे कित्येक दिवस त्या पाण्याचा पाठलाग करून मोजमापे घेण्यात आली. पहिल्या दोन आठवड्यांत सूक्ष्म वनस्पती वाढून दुप्पट झाल्या. कल्पना खरी ठरणार असे वाटू लागले. पण तेथेच सारे थांबले. कोळंबीच्या जातकुळीतल्या कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांनी त्या वनस्पतींवर ताव मारला आणि त्यांच्याहून मोठ्या ॲम्फिपॉड जीवांनी कोपेपॉडांवर. ताट वाढले एकासाठी आणि जेवून गेला दुसराच! तळाशी बुडून कार्बन गाडण्याचे काम ज्यांच्याकडून अपेक्षित असते त्या डायाटम वनस्पती फोफावल्याच नाहीत. कारण त्यांचे कवच सिलिकाचे असते आणि त्या पाण्यातील सिलिका आधीच संपलेली होती. परिणामी खोल समुद्रात गेलेला कार्बन फारच थोडा निघाला. मार्च महिन्यात जहाज चिलीच्या किनाऱ्याला लागले आणि शास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष कोणताही आडपडदा न ठेवता जगापुढे मांडला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच दक्षिण महासागरात २००४ साली आल्फ्रेड वेगेनर संस्थेने केलेल्या अशाच प्रयोगात डायाटम भरघोस वाढल्या होत्या आणि त्या बहरापैकी निम्म्याहून अधिक भाग १,००० मीटरच्याही खाली बुडाला होता. म्हणजे महासागर एक, धातू एक, जहाजही एकच. पण पाच वर्षांच्या अंतराने मिळालेली उत्तरे मात्र परस्परविरुद्ध. कुठल्या भोवऱ्यात किती सिलिका आहे, कोणते जीव भुकेले आहेत, यावर उत्तर ठरते. प्रामाणिक शास्त्रज्ञाला यातून शिकायला मिळते. व्यापाऱ्याला मात्र टनाचा भाव आधी ठरवायचा असतो.

मी मुद्दाम विचारतो: ‘लोहाफेक्स’ जर एखाद्या क्रेडिट विकणाऱ्या कंपनीने केला असता, तर हा नकार आपल्या कानांवर आला असता काय? गुंतवणूकदारांचे पैसे घेतलेले, गिऱ्हाइकांकडून आगाऊ रक्कम घेतलेली, आणि समुद्र म्हणतो आहे ‘नाही’! अशा वेळी तो ‘नाही’ अहवालाच्या कितव्या पानावर कितव्या तळटीपेत गाडला गेला असता याची कल्पना वाचकांनीच करावी. सार्वजनिक पैशावर काम करणाऱ्या आणि विकायला काहीही नसलेल्या माणसांमुळे आपल्याला सत्य कळले. गोव्यातील संस्थेचा या सत्यात वाटा आहे याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटला पाहिजे.

येथे माझ्या पर्यावरणवादी मित्रांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. २००९ च्या जानेवारीत जहाज समुद्रात असतानाच या प्रयोगाविरुद्ध जगभर गिल्ला झाला. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने तो थांबवावा असा आग्रह धरला. अखेर स्वतंत्र तज्ज्ञांची मते मागवून त्या देशाच्या संशोधन मंत्रालयाने परवानगी दिली. विरोध करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु ते यशस्वी झाले असते, तर लोह टाकून हवामान सुधारू म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला आज आपल्या हाती हा पुरावा नसता. समुद्राला कोणीही कधीही हात लावू नये, ही भूमिका ऐकायला पवित्र वाटते; पण ती अज्ञानाचे रक्षण करते आणि अज्ञानाच्या अंधारातच भामट्यांचे फावते.

व्यापार अज्ञानाचा कसा उपयोग करतो याचे उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर घडले. तेथील हैदा ग्वाई बेटांवर ओल्ड मॅसेट नावाचे हैदा आदिवासींचे गाव आहे. सॅमन मासा हा या लोकांचा पिढ्यानपिढ्यांचा आधार आणि तो मासा घटत चाललेला. रस जॉर्ज नावाचे एक अमेरिकन व्यावसायिक त्यांच्या मदतीला आले. समुद्रात लोह टाकले की वनस्पती वाढतील, वनस्पती वाढल्या की मासा वाढेल आणि वर कार्बन क्रेडिट विकून गावाचे पैसेही परत मिळतील, असा हिशेब मांडला गेला. गावाने मतदान करून सुमारे २५ लाख डॉलर या योजनेत घातले. २०१२ च्या जुलै महिन्यात सुमारे १०० टन लोहयुक्त द्रव्य पॅसिफिक महासागरात टाकण्यात आले. आजवरच्या कोणत्याही वैज्ञानिक प्रयोगापेक्षा हे प्रमाण कितीतरी मोठे होते. ऑक्टोबरमध्ये जगाला त्याचा पत्ता लागला आणि गदारोळ उडाला. पुढच्या वर्षी कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी कंपनीच्या कार्यालयाची झडती घेतली, जॉर्ज यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि क्रेडिटच्या पैशाची आशा फोल ठरली. पुढे काही ठिकाणी मासा वाढला तेव्हा त्याचे श्रेय लोहाला देण्याचा प्रयत्न झाला. तसा पुरावा मात्र कोणी देऊ शकले नाही.

त्या गावाला मी दोष देणार नाही. ज्याच्या जाळ्यात मासा येईनासा झाला आहे, तो आशेच्या कोणत्याही दोरीला हात घालतो. दोष आहे तो गरजवंताच्या गळ्यात अशी दोरी अडकवणाऱ्यांचा. समुद्रात आधी काय होते याची पुरेशी मोजमापे नसतील, तर नंतर काय बदलले हे कोण सांगणार? ज्याने पैसे घेतले तोच पंच, तोच साक्षीदार, तोच हिशेबनीस, अशी ही रीत आहे.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. मग अलीकडचे ऐका. अमेरिकेच्या मेन राज्यातील ‘रनिंग टाइड’ या कंपनीने २०२३ साली आइसलंडजवळच्या समुद्रात चुनखडीयुक्त भुकटी लावलेला लाकडाचा चुरा टाकला आणि त्याची क्रेडिट विकली. तिच्या गिऱ्हाइकांत मायक्रोसॉफ्ट आणि शॉपिफाय यांच्यासारखी नावे होती. २०२४ च्या जूनमध्ये पुरेशी मागणी नसल्याचे कारण देऊन कंपनीने गाशा गुंडाळला. दुकान बंद झाले. लाकूड समुद्रात राहिले. ते लाकूड किती काळ तळाशी राहील, कुजताना तेथील प्राणवायूचे आणि जीवांचे काय होईल, हे शंभर वर्षे पाहत राहण्याची जबाबदारी आता कोणाची? हुंडी लिहिणारी पेढीच बुडाली तर हुंडी घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे?

अल्कधर्मी पदार्थ मिसळण्याचा मार्ग या तिन्हींत अधिक आशादायक मानला जातो, कारण त्यात वायू धरून ठेवला जातो आणि त्या ठिकाणची आम्लताही थोडी उतरते. पण त्याच्या हिशेबाची गोम समजून घ्यावी. पाण्यात पदार्थ मिसळला त्या क्षणी हवेतून काहीच कमी झालेले नसते. पाण्याची वायू घेण्याची शक्ती फक्त वाढलेली असते. प्रत्यक्षात तो वायू हवेतून पाण्यात यायला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात. तोवर ते पाणी प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर दूर जाते, इतर पाण्यात मिसळते, कधी पृष्ठभाग सोडून खोल उतरते. आणि खोल उतरलेले पाणी हवेतून काहीच घेऊ शकत नाही. विशाल समुद्रात पसरलेला हा सूक्ष्म फरक उपकरणाने थेट मोजणे जवळजवळ अशक्य. म्हणून विकला जाणारा टन बव्हंशी संगणकावरील गणितातून येतो. गणित प्रामाणिक असू शकते. परंतु दुकानात आपण धान्य विकत घेतो तेव्हा तराजू पाहतो, दुकानदाराचा अंदाज नव्हे. खोट्या मापांविरुद्ध संदेष्टा आमोस किती कडाडला, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. येथे तर माप खोटे आहे की खरे, हे तपासायला तराजूच उपलब्ध नाही.

आणि किनाऱ्यावरची माणसे? इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात सेंट आयव्ह्जच्या उपसागरात एका कॅनेडियन कंपनीने २०२२ साली सांडपाण्याच्या नळातून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड सोडण्याची छोटी चाचणी केली. पदार्थ तसा भयंकर नव्हे. पोटाच्या जळजळीवर घेतात त्या औषधातला. तरीही मोठ्या चाचणीची योजना कळताच २०२३ च्या एप्रिलमध्ये शेकडो लोक किनाऱ्यावर निषेधाला जमले. त्यांची भीती वैज्ञानिकदृष्ट्या कितपत रास्त होती यावर वाद होऊ शकेल. त्यांचा प्रश्न मात्र बिनतोड होता: आमच्या दारातल्या समुद्राबद्दल आम्हांला आधी कोणी का विचारले नाही? इंग्लंडसारख्या जागरूक देशात ही गत, तर ज्या किनाऱ्यांवरची माणसे कागद वाचू शकत नाहीत आणि ज्यांचे ऐकायला वार्ताहर येत नाहीत, त्यांची काय कथा!

या सर्वांवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. आक्षेपक म्हणतात: वेळ कोठे आहे? संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रज्ञमंडळानेच २०२२ च्या अहवालात म्हटले आहे की, उत्सर्जन शून्यावर आणायचे तर हवेतून काही प्रमाणात कार्बन काढून घेणे अटळ आहे. संशोधनाला पैसा लागतो, सरकारे हात आखडता घेतात, मग बाजाराने तो दिला तर बिघडले कोठे? शिवाय काहीच न करणे हीदेखील एक कृती आहे; तिचीही किंमत समुद्र मोजतोच आहे.

आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. सिमेंट, पोलाद, विमानप्रवास यांसारख्या क्षेत्रांतला शेवटचा धूर नाहीसा करणे दुष्कर आहे आणि त्यासाठी काही उपाय शोधावेच लागतील. पण ‘शेवटचा धूर’ आणि ‘आजचा धूर’ यांची गल्लत करू नये. ३,७०० कोटी टनांपैकी बहुतेक धूर आज हाती असलेल्या साधनांनी थांबवता येण्याजोगा आहे. तो न थांबवता समुद्राच्या नावाने क्रेडिट घेणे म्हणजे घरात नळ मोकळा सोडून शेजाऱ्याला पाणी उपसायला लावणे. आणि बाजाराने संशोधनाला पैसा द्यावाच, पण दान म्हणून किंवा कर म्हणून द्यावा. त्या पैशाच्या बदल्यात धूर सोडण्याची मोकळीक मागितली, की ते साहाय्य उरत नाही, तो सौदा होतो. सौद्यात खोटे निघाले तर फसवणूक एकट्या गिऱ्हाइकाची होत नाही. न काढलेला टन हवेतच राहतो, सोडलेला टन त्यावर चढतो, आणि दोन्हींचा उष्मा ज्याने ना विकले ना विकत घेतले त्याच्या अंगणात उतरतो.

ख्रिस्तसभेने या विषयात मौन पाळलेले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात कार्बन क्रेडिटच्या खरेदीविक्रीतून नवी सट्टेबाजी जन्मास येईल आणि प्रत्यक्ष उत्सर्जन घटणार नाही, असा इशारा दिला होता. पुढे ४ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘लाउदाते देउम’ या बोधपत्रात त्यांनी वायू शोषून घेणाऱ्या तंत्रांचा स्पष्ट उल्लेख केला. त्यांतील काहींकडून आशा बाळगता येते हे त्यांनी नाकारले नाही. परंतु आतून ढासळत असलेल्या घराला वरवर डागडुजी करीत राहण्याच्या वृत्तीबद्दल सावध केले. तंत्राचा द्वेष न करता तंत्रावरची भाबडी श्रद्धा नाकारणारी ही भूमिका मला वैज्ञानिकांच्याही जवळची वाटते. ‘लोहाफेक्स’च्या शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले: करून पाहिले, मोजले, आणि जे दिसले तेच सांगितले.

मग मागणी काय करायची? पहिली अशी की, समुद्रावरील असे संशोधन सार्वजनिक संस्थांनी, मर्यादित प्रमाणात आणि निकाल सर्वांसाठी खुले ठेवून करावे. आपल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्थांना त्यासाठी पुरेसा निधी मिळावा. दुसरी, विकणाऱ्याशी लागेबांधे नसलेल्या तिऱ्हाइताने प्रत्यक्ष समुद्रातील मोजमापांच्या आधारे खातरजमा केल्याखेरीज एकही टन विकला जाऊ नये, आणि टाळता येण्याजोग्या धुराच्या बदल्यात तर कधीच विकला जाऊ नये. तिसरी, ज्यांच्या किनाऱ्यालगत काही टाकायचे असेल त्यांची संमती त्यांच्या भाषेत समजावून सांगून आधी घेतली जावी. यासाठी कायद्याची चौकट अगदीच नाही असे नाही. समुद्रात कचरा टाकण्यास आळा घालणाऱ्या लंडन कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २००८ साली, खऱ्या वैज्ञानिक संशोधनाखेरीज अन्य कारणासाठी समुद्राला असे खत घालू देऊ नये, असा ठराव केला. २०१३ साली त्याला बंधनकारक रूप देणारी दुरुस्तीही स्वीकारली गेली; पण पुरेशा राष्ट्रांनी मान्यता न दिल्याने ती अद्याप अमलात आलेली नाही. बाजार धावतो आहे आणि कायदा दाराशी खोळंबला आहे.

वाचक म्हणतील, एवढ्या मोठ्या व्यवहारात आमच्यासारख्या प्रापंचिकांचे काय चालणार? चालते. आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली आज मोठ्या कंपन्यांत हिशेब लिहितात, जहाजांवर काम करतात, परदेशी जातात-येतात. विमानाचे तिकीट काढताना थोडे पैसे जादा भरून प्रवासाचा धूर माफ करून घ्या, असे सुचवणारा चौकोन पडद्यावर येतो. त्यावर बोट ठेवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हा टन कोणी मोजला? ज्यांच्या कंपन्या अशी क्रेडिट विकत घेतात त्यांनी हाच प्रश्न कार्यालयात लेखी विचारावा आणि लेखी उत्तर मागावे. उत्तर म्हणून संगणकाचे गणित पुढे आले, तर मोजमाप कोठे आहे असे पुन्हा विचारावे. आणि ते सापडेपर्यंत तो धूर आपल्याच नावावर मांडलेला ठेवावा.